आपली माती ओळखणारा देव

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, दरवर्षी एकच सांगणं कानावर पडतं: जागे राहा. येशूचं चरित्र सांगणाऱ्या मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांची वाचनं तीन वर्षं आळीपाळीने येतात. वर्ष मत्तयचं असो, मार्कचं असो की लूकचं, त्या दिवशीच्या शुभवर्तमानाचा सूर बदलत नाही. घरधनी संध्याकाळी येईल, मध्यरात्री येईल, कोंबडा आरवताना येईल की उजाडल्यावर, तुम्हाला ठाऊक नाही. तेव्हा झोपू नका.

आमच्या वसईच्या चर्चमध्ये हे ऐकायला जी माणसं बसलेली असतात ती माझ्या ओळखीची आहेत. पुढच्या बाकांवरच्या कित्येक बायका आठवडाभर पहाटे तीनला उठतात. वाडीतला सोनचाफा, तगर, पालेभाजी पाट्यांत भरायची, पहिल्या गाड्यांनी दादर गाठायचं, सकाळच्या बाजारात माल विकायचा आणि दुपारच्या स्वयंपाकाला घरी परत. पाचूबंदरच्या नि अर्नाळ्याच्या कोळीवाड्यांत तर घड्याळाला कोणी विचारत नाही. डोलीचं जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं, त्यामुळे भरती-ओहोटी सांगेल तेव्हा उठायचं, मग ती मध्यरात्र का असेना. विरार लोकलने रोज उभ्याने मुंबईला जाणारी तरुण मुलं मागे खांबाला टेकून उभी असतात आणि प्रवचन सुरू झालं की त्यांचे डोळे मिटू लागतात. मी ते बघते आणि मनात येतं, या किनाऱ्यावरच्या माणसांना आणखी किती जागं राहायला सांगायचं?

आमच्या घरात जागरणं झाली ती वेगळ्याच कारणाने. माझा मोठा भाऊ प्यायचा. हे मी त्याला विचारून लिहिते आहे. तो म्हणाला, "लिही. कुणाच्या तरी घरी उपयोगी पडेल." त्या वर्षांत आई रात्री ओटीवर बसून राहायची. हातात जपमाळ, कान रस्त्याकडे. स्कूटरचा आवाज लांबूनच ओळखू यायचा, आणि तो आवाज सरळ आहे की अडखळतो आहे, हेही तिला कळायचं. जपमाळेच्या तिसऱ्या रहस्यापर्यंत, म्हणजे तिसऱ्या टप्प्यापर्यंत, पोचली की डुलकी लागायची, दचकून जागी व्हायची, मोजणी चुकलेली असायची. मग पुन्हा पहिल्यापासून. मी एकदा तिला विचारलं, "आई, एवढा वेळ तू देवाला सांगतेस तरी काय गं?" ती म्हणाली, "काय सांगायचं? दमले म्हणते. त्याला कळतं."

एवढं बोलून ती आत गेली, दादाचं ताट झाकून ठेवायला. तिच्या त्या एका शब्दाच्या प्रार्थनेइतकी खरी प्रार्थना मी नंतर फारशी ऐकलेली नाही.

आगमनकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात वाचनांत एलियाचं नाव येतं. अग्नीसारखा संदेष्टा, ज्याच्या शब्दाने पाऊस थांबला. मला मात्र हा एलिया आठवतो तो रानातल्या झुडपाखाली पडलेला. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवला आणि लगेच ईजबेल राणीची धमकी आली, तसा तो जीव घेऊन पळाला. एक दिवसाची वाट तुडवून वाळवंटात शिरला आणि देवाला म्हणाला, पुरे झालं, आता माझा जीव घे, मी माझ्या वाडवडिलांहून काही बरा नाही. आणि झोपी गेला. आता देवाने काय करावं? एवढ्या मोठ्या माणसाने असं बोलावं म्हणून त्याला झापलं असतं तरी चाललं असतं. पण दूत आला, त्याने एलियाला हात लावून उठवलं आणि म्हणाला, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर होती, पाण्याचं भांडं होतं. एलियाने खाल्लं, पाणी प्यायला आणि पुन्हा झोपला. दूताने त्याला झोपू दिलं! दुसऱ्यांदा उठवलं तेव्हाही उपदेश केला नाही. म्हणाला, खा, तुला वाट फार लांबची आहे. त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस चालत होरेब पर्वतापर्यंत गेला. देवाचं बोलणं त्याला तिथे ऐकू आलं. आधी भाकर, आधी झोप, मग बोलणं. हा क्रम देवाने ठेवला, हे मला फार मोलाचं वाटतं.

ज्याने जागं राहायला सांगितलं तो स्वतः किती दमायचा, हेही शुभवर्तमानांनी लपवलेलं नाही. योहान लिहितो की प्रवासाने थकून येशू भर दुपारी विहिरीपाशी बसला आणि एका अनोळखी बाईकडे त्याने पाणी मागितलं. मार्क लिहितो की वादळात होडी पाण्याने भरू लागली तेव्हा तो मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपला होता. आमच्या कोळीवाड्यातल्या माणसांना या गोष्टीचं नवल वाटत नाही. दिवसभर राबलेला माणूस होडी डोलली तरी झोपतो, त्यांनी ते पाहिलेलं असतं, अनुभवलेलं असतं. आणि गेथसेमनीच्या बागेत, सगळ्यांत कठीण रात्री, त्याने मित्रांना जागं राहायला सांगितलं. ते तिन्ही वेळा झोपलेले सापडले. आत्मा तयार आहे पण देह दुबळा आहे, हे त्याचे शब्द त्या रात्रीचे. त्यात दुःख आहे, पण त्याच वाक्यात तो त्यांची बाजूही मांडतो. त्या झोपाळूंना त्याने नंतर टाकून दिलं नाही.

लिझ्यूची संत तेरेजा, जी 1897 मध्ये चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली, तिलाही प्रार्थनेत झोप लागायची. मठात राहूनही, वर्षानुवर्षं. तिने त्याचं फार दुःख केलं नाही. आईबापांना मूल जागेपणी जेवढं आवडतं तेवढंच झोपेतही आवडतं, असं तिचं म्हणणं होतं. आणि स्तोत्र 103 मधला आधार तिने घेतला होता, की आपण माती आहोत हे परमेश्वराला आठवतं. बाप जसा लेकरांवर माया करतो तसा तो करतो, कारण आपली घडण त्याला ठाऊक आहे. ज्याने मातीतून घडवलं त्याला मातीचा गुण माहीत नसेल तर कुणाला असेल?

म्हणून मला वाटतं की 'जागे राहा' ही पहारेकऱ्याला दिलेली ताकीद नव्हे. कधीही हाक मार, मी दूर नाही, असं घरातलं माणूस सांगतं, त्या जातीचं ते बोलणं आहे. डोळे मिटले तरी हरकत नाही. दाराची कडी आतून लावू नका.

आगमनकाळ पूर्वी बराच कडक होता. पश्चिमेतल्या काही प्रदेशांत संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे 11 नोव्हेंबरपासून, नाताळपर्यंत उपवास धरत. पुढे तो चार रविवारांचा झाला. आजही पुरोहित जांभळी वस्त्रं घालतात, गौरवगीत म्हणत नाहीत, आमच्याकडे या दिवसांत सहसा लग्नंही लागत नाहीत. पण त्यात मधेच तिसरा रविवार येतो, गुलाबी वस्त्रांचा, आनंद करा असं सांगणारा. वाट निम्म्याहून जास्त सरली आहे, जरा श्वास घ्या. वेदीजवळ जे हिरवं चक्र ठेवून दर रविवारी एकेक मेणबत्ती वाढवतात, त्याचा उगमही असाच मायेचा आहे. 1839 मध्ये हॅम्बर्गला योहान विखर्न नावाच्या पाळकाने गरीब मुलांच्या आश्रमात गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, कारण मुलं रोज विचारायची, नाताळ कधी येणार? धीर धरा म्हणून त्यांना गप्प बसवलं नाही. वाट बघणं त्यांच्या डोळ्यांना दिसेल असं करून दिलं.

आमच्या या किनाऱ्याला वाट बघणाऱ्या देवाची ओळख तशी जुनीच आहे. निर्मळला कार्तिक वद्य एकादशीची जत्रा भरते. सुकेळी घ्यायला आम्ही ख्रिस्ती घरांतलेही जातो. ती जत्रा उठली की आम्हाला आगमनकाळाचे वेध लागतात. आमच्या शेजारच्या काकी वारकरी. त्यांच्या तोंडून लहानपणी पुंडलिकाची गोष्ट ऐकली होती: तो आईबापांच्या सेवेत गुंतलेला, देव दारात आलेला, आणि त्याने वीट फेकून सांगितलं, थांब जरा. देव थांबला. अजून थांबलाच आहे. काकी हे सांगताना भरून यायच्या. आम्ही ज्याची वाट बघतो तो आमची वाट बघत असतो, हे मला पुढे धर्मशिक्षणाच्या वर्गात कुणी सांगावं लागलं नाही. कोकणच्याच किनाऱ्यावर, गोव्यात, फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्ये ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत छापली तेव्हा पहिलं पुराण सगळं ख्रिस्ताच्या आधीचं ठेवलं. आदामापासूनची चुकणारी, वाट बघणारी माणसं. ऐकणाऱ्यांना ती परकी वाटली नसणार.

मत्तयच्या वर्षात तिसऱ्या रविवारी जे वाचन येतं ते माझ्या मनात सर्वांत खोल रुतलेलं आहे. बाप्तिस्मा देणारा योहान तुरुंगात आहे. ज्याने यार्देन नदीच्या काठी उभं राहून हाच तो म्हणून येशूकडे बोट दाखवलं, ज्याने राजाच्या तोंडावर त्याचं पाप सांगितलं, तो माणूस आता कोठडीतून शिष्यांकरवी विचारतो: येणारा तो तूच आहेस, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? काय प्रश्न आहे हा! सगळं आयुष्य ज्याच्यावर लावलं तो खरा आहे ना, हे मरणाच्या दारात विचारावं लागावं. मी हे वाचन जितक्यांदा ऐकते तितक्यांदा माझ्या अंगावर काटा येतो. आणि येशू काय करतो? तुला असा प्रश्न पडलाच कसा, असं विचारत नाही. तुम्ही जे पाहता, ऐकता ते जाऊन योहानला सांगा, म्हणतो: आंधळे पाहतात, लंगडे चालतात, गरिबांना सुवार्ता मिळते. निरोप घेऊन शिष्य निघाले की लोकांकडे वळून तो योहानचं कौतुक करतो. स्त्रीच्या पोटी जन्मलेल्यांत याच्याहून मोठा कोणी झाला नाही, असं म्हणतो. हे कौतुक योहानच्या यार्देनवरच्या पराक्रमाच्या दिवशी झालेलं नाही. त्याला शंका आली त्या दिवशी झालं आहे. देवाला शंका कळते आणि त्याच दिवशी तो आपली बाजू घेतो, याहून मोठा दिलासा मला कुठल्या ग्रंथात सापडेल?

आईलाही त्या वर्षांत शंका आली असणार. तिने ती बोलून दाखवली नाही. एवढंच आठवतं की एका नाताळला तिने येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा मांडायला घेतला, तण आणून ठेवलं, मूर्ती पेटीतून काढल्या आणि मग तशीच बसून राहिली. आम्ही मांडला मग. तिने नुसतं बघितलं.

17 डिसेंबरला मत्तयमधली वंशावळ वाचतात. अब्राहामापासून येशूपर्यंत, चौदा-चौदा पिढ्यांचे तीन टप्पे. फादर एकामागून एक नावं वाचत जातात आणि लोकांचं लक्ष उडतं. मला ते वाचन आवडायला लागलं ते घरावर गावाचं बोट रोखलं गेल्यावर. गाव लहान असतं. कोणाच्या घरी काय शिजतं आणि कोणाच्या घरी कोण पिऊन येतं, सगळ्यांना ठाऊक असतं. बहिणीच्या स्थळाची बोलणी चालू होती तेव्हा आमच्याकडेही विचारपूस झालीच, आणि आमच्या घराण्यात आम्ही कोणाचं नाव हळू घ्यायचं ते ठरवून ठेवलं होतं. मत्तयने तसं केलेलं नाही. सासऱ्याला फसवून त्याच्याकडून मूल मिळवलेली तामार त्याने घातली. यरीहोची वेश्या राहाब घातली. परकी मवाबी रूथ घातली. आणि दावीदाने जिच्या नवऱ्याला मारवलं त्या बथशेबाचं तर नावही न लिहिता 'उरीयाची बायको' असं लिहून दावीदाचा गुन्हा कायमचा उघडा ठेवला. देवाने आपल्या लेकाचं कूळ धुऊन-पुसून जगापुढे ठेवलं नाही. या घरात तो जन्माला आला, अशा घरात. मग आमच्या घरी यायला तो लाजेल कशाला?

दादा पुढे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभांना जाऊ लागला. 1935 मध्ये अमेरिकेत अॅक्रन गावी एका दलालाने आणि एका डॉक्टरने ही संगत सुरू केली, दोघेही स्वतः दारूने मोडलेले. त्यांच्या बारा पायऱ्यांतली पहिली पायरी म्हणजे दारूपुढे आपलं काही चालत नाही हे कबूल करणं. लढायची शपथ नाही, इच्छाशक्तीची घोषणा नाही. आधी हरलो म्हणायचं. दादाच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आईची ओटीवरची प्रार्थना आठवली.

त्याची वाट सरळ झाली असं नाही. मधे एकदा सुटलेलं पुन्हा लागलं. पुन्हा सभा, पुन्हा पहिला दिवस. आता बरीच वर्षं झाली. डिसेंबर त्याला सर्वांत जड जातो, कारण घरोघर तयारी सुरू होते, आणि नाताळ उलटला की मांडव पडतात, ब्रास बँड वाजतो, ग्लास भरले जातात. एकदा मी त्याला म्हटलं, "तुला आता ओढ वाटत नसेल ना?" त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाय, पिणाऱ्याला तहान संध्याकाळी सातपर्यंतच कळते. मग तो पितो आणि सुटतो. न पिणाऱ्याला ती रात्री बारापर्यंत कळते."

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात एक वाक्य आहे: आपल्या दुर्बलतेविषयी कळवळा वाटू शकत नाही असा आपला महायाजक नाही, तो सर्व बाबतींत आपल्यासारखाच पारखला गेला, पण पापाविना राहिला. या वाक्याशी मी पुष्कळ अडखळत असे. जो कधी पडलाच नाही त्याला पडणाऱ्याचं काय कळणार, असं वाटे. दादाच्या उत्तराने ती गाठ सुटली. येशू रात्री बारापर्यंत, पहाटेपर्यंत, शेवटच्या श्वासापर्यंत त्या तहानेत उभा राहिला. ओढ किती असते ते आपल्याहून त्याला जास्त ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, देव सगळं समजून घेतो असं सांगत राहिलं तर माणसं सैल होतील. ही भीती मला पटत नाही. दादाला वर्षानुवर्षं धाक दाखवणारे खूप होते आणि त्या धाकाने तो घरामागे लपून प्यायला शिकला. जिथे खरं बोललं तरी हाकलून देत नाहीत अशी जागा मिळाल्यावर तो थांबला. समजून घेणं म्हणजे चालू दे म्हणणं नव्हे. डॉक्टर जखम बघतो म्हणून ती त्याला आवडते असं होत नाही, पण झाकून ठेवलेली जखम त्याला बांधता येत नाही.

नाताळच्या आधीच्या आठवड्यात आमच्याकडे शेजारच्या धर्मग्रामांतलेही फादर येतात आणि पापनिवेदनाला रांगा लागतात. आवारात, चर्चच्या कडेला, अगदी आंब्याखाली खुर्ची टाकूनही. त्या रांगेत उभं राहायला मला आवडतं. पुढे नव्वदीची म्हातारी, मागे कानात इअरफोनची वायर लोंबणारा कॉलेजातला मुलगा, आणि प्रत्येकाकडे बहुतेक गेल्या वर्षीचंच गाठोडं. तोच राग, तीच असूया, तोच भावाशी धरलेला अबोला वाडीच्या बांधावरून. जमिनी विकल्या, इमारती उठल्या, पण बांधाची भांडणं वारसाने पुढे आली. दरवर्षी तेच सांगायला येणारी ही माणसं मला निगरगट्ट वाटत नाहीत. तेच घेऊन परत यायला जास्त धीर लागतो. मित्राला तेच दुखणं दहाव्यांदा सांगायला आपण कचरतो. देवापुढे आपण येतो, कारण तो कंटाळणार नाही असं आत कुठेतरी ठाम वाटत असतं.

पौल रोमकरांना लिहितो की प्रार्थना कशी करावी तेही आपल्याला कळत नाही, म्हणून आत्माच शब्दांत न मावणाऱ्या उसाशांनी आपल्यासाठी विनवतो. त्यामुळे या दिवसांत माझी प्रार्थना लांबलचक नसते. सकाळी गॅसवर चहा चढवताना दादाचं नाव घेते, वहिनीचं घेते, आईच्या आत्म्याला शांती मागते. लोकलमध्ये जागा मिळाली तर जपमाळ काढते आणि नायगावची खाडी ओलांडेपर्यंत डोळा लागलेला असतो. उठले की जिथे बोट थांबलं असेल तिथून पुढे.

यंदा नाताळनंतरच्या आठवड्यात दादाच्या मुलीचं लग्न आहे. नवरीचा बाप म्हणून पाहुण्यांच्या पंगतीत त्यालाच फिरावं लागणार, आणि आमच्याकडच्या लग्नांत पंगतीत काय फिरतं ते सगळ्यांना माहीत आहे. वहिनीने परवा सरळ सांगून टाकलं, "मांडवात बाटली येणार नाही. ज्याला राग येईल त्याने लिंबूसरबत पिऊन रागवावं." व्याह्यांकडचे कुरकुरले, मग नवऱ्या मुलानेच त्यांना समजावलं. दादा शांत होता. मी विचारलं, काळजी वाटते का? म्हणाला, "वाटते ना. सकाळी सहाच्या मिस्सेला येशील माझ्याबरोबर? तेवढं झालं की दुपारपर्यंतचं मी बघेन. दुपारनंतर पुन्हा त्याला सांगू."

मी येते म्हटलं. बहिणीलाही कळवलं आहे.